सोनघंटा अंगणात लावायची तर: खरी ओळखण्यापासून बी धरेपर्यंत

माझ्या अंगणातली पहिली सोनघंटा ही सोनघंटा नव्हतीच. एका रोपवाटिकेत नारिंगी, लाल शिरांची, खाली मान घालून लोंबणारी फुलं दिसली. "सोनघंटाच आहे साहेब, लई दुर्मीळ," असं विक्रेता म्हणाला आणि मी अडीचशे रुपये मोजून कुंडी गाडीत टाकली. पुढचे तीन आठवडे येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती कौतुकानं दाखवत होतो. मग कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एक काकू घरी आल्या. त्यांनी फुलाकडे बघितलंच नाही. पान उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे पान कशासारखं आहे?" भेंडीच्या पानासारखं, टोकं फुटलेलं. "मग ही ब्राझीलची. सह्याद्रीतली नव्हे."

तेव्हापासून दहाएक वर्षं मी खरीखुरी सोनघंटा लावतो, वाढवतो, मारतोही (दोनदा, स्वतःच्या चुकीनं). ती वाढवणं फार अवघड नाही. अवघड आहे ते खरी मिळवणं, आणि ती मूळची कुठली ही माहिती रोपाबरोबर पुढे नेणं. म्हणून या लेखात खत-पाण्याइतकीच जागा मी ओळखीला आणि नोंदीला दिली आहे. घाईत असलात तर खड्ड्याचा भाग वगळा, तो कुठंही मिळेल. ओळखीचा वगळू नका.

ही कोण

भेंडी, कापूस, अंबाडी, जास्वंद यांच्या कुळातली ही. हिची एक नातलग तुम्ही नक्की पाहिलेली आहे: पडीक जागेत, रस्त्याकडेला उभी असलेली पेटारी. कुणी तिला मुद्रा म्हणतं, वैद्य अतिबला म्हणतात. तिचं चक्रासारखं फळ शाईत बुडवून लहानपणी वहीवर ठसे उमटवले असतील, तीच. सोनघंटा त्याच अब्युटिलॉन प्रजातीतली वेगळी जात, शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. पण पेटारी देशभर तणासारखी माजते आणि सोनघंटेचं घर म्हणजे उत्तर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे थोडे कडे, उतार आणि रानाच्या कडा. जगात दुसरीकडे कुठं ती आपणहून उगवत नाही.

नावातले रानडे म्हणजे पुण्याच्या सायन्स कॉलेजात वुड्रोसाहेबांबरोबर वनस्पती गोळा करणारे रानडे. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज मार्शल वुड्रो आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानातले ओटो स्टाप्फ या दोघांनी १८९४ साली तिचं वर्णन छापलं. नमुना होता आंबा घाटातला. कोल्हापूरकडून रत्नागिरीला जाताना मलकापूर सोडलं की लागतो आणि खाली साखरप्याला उतरतो, तोच हा घाट. त्या काळात आपल्याकडच्या झाडांना गव्हर्नर, कलेक्टर आणि कर्नलांची नावं सर्रास मिळत. एका झुडपाला रानड्यांचं नाव मिळालं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मोकळ्या जागेत झुडूप पुरुषभर उंच होतं, त्याहून थोडं वरही जातं. फुलं थंडीत येतात, साधारण नोव्हेंबरपासून पुढे. म्हणजे कासच्या पठारावरची गर्दी ओसरली, गवत पिवळं पडलं की हिचा हंगाम.

खरी की ब्राझीलची

रोपवाटिकांतून जे बहुतेक वेळा विकलं जातं ते दक्षिण अमेरिकेतलं शोभेचं झुडूप असतं. 'चायनीज लँटर्न' या नावानंही ते मिळतं, आणि चीनशी त्याचा काही संबंध नाही. फुलाचा रंग, लाल शिरा, लोंबती ठेवण, सगळं फसवण्याइतकं सारखं. म्हणून फूल बाजूला ठेवा आणि पानापासून सुरुवात करा.

सोनघंटेचं पान अखंड असतं: देठाकडे बदामासारखी खाच, मध्ये रुंद, पुढे निमुळतं होत लांब टोक. पिंपळाचं पान आठवा, फक्त टोक त्याच्याइतकं शेपटीसारखं नाही, आणि कडेला दाते. ब्राझीलच्या झुडपाचं पान तीन किंवा पाच भागांत चिरलेलं. एवढ्या एका खुणेवर दहातली नऊ रोपं निकालात निघतात.

मग बोट फिरवा. सोनघंटेची कोवळी फांदी, पानाची खालची बाजू, फुलाचा हिरवा पेला, सगळ्यांवर मखमली लव असते. भिंगातून बघितलं तर ही लव एकेरी केसांची नाही, एका बिंदूतून चांदणीसारखे फुटलेले केस दिसतात. दहा रुपयांच्या भिंगातूनही ते दिसतं. नवख्या माणसाला ते दाखवलं की तो पुढची पाच मिनिटं घरातल्या भेंडीची आणि अंबाडीची पानं तपासत बसतो. ब्राझीलवाली त्या मानानं गुळगुळीत.

पेटारीशी घोळ होण्याचं कारण नाही, पण कोवळ्या रोपात होतो. दोघींचीही पानं बदामी आणि लवदार. फुलं आली की प्रश्न मिटतो: पेटारीचं फूल लहान, पिवळं, वर किंवा समोर तोंड करून संध्याकाळच्या सुमारास उघडणारं. सोनघंटेचं त्याच्या कितीतरी मोठं, नारिंगी-पिवळं, गडद शिरांचं आणि घंटेसारखं खाली वळलेलं. घंटेच्या आत लोलक हवा, तो पुंकेसरांचा दांडा. जास्वंदीत जसा असतो तसाच, एका दांड्यावर सगळे पराग.

खात्री होत नसेल तर फोटो काढून जाणकाराला पाठवा. मात्र नुसता फुलाचा सुंदर फोटो काही उपयोगाचा नाही. पाच फोटो लागतात: फूल समोरून, फूल बाजूनं (हिरवा पेला दिसेल असं), पान वरून, पान खालून, आणि फांदीचा जवळून. फळ असेल तर सहावा.

डोंगरात बघायला जाताना

आधी परवानगीचं. हिच्या मुलखाचा मोठा भाग आज संरक्षित आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरणं आणि तिथून पान, फांदी, बी काहीही आणणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला झुडपाचं नाव ठाऊक नसलं तरी 'लोंबत्या पिवळ्या फुलांचं' म्हटल्यावर तो तुम्हाला बरोबर वळणावर नेतो.

शोधताना दाट काळोख्या रानात फार आत शिरण्यात अर्थ नाही. रानाची कड, कड्याखालचा उतार, ओढ्याचा काठ, जिथं सावली आणि ऊन आलटून पालटून मिळतं अशी जागा बघा. आजूबाजूला कारवी असेल तर कारवीच्या वर डोकं काढलेली झुडपं निरखा.

सापडली तर फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन बंद करा. हे मी हट्टानं सांगतो. एका ठिकाणी इनमीन चार-पाच झुडपं असतात. नेमकी जागा जगजाहीर झाली की पुढच्या रविवारी तिथं वीस माणसं पोचतात, त्यातली दोन फांदी मोडून आणतात आणि ती फांदी गाडीच्या डिकीत वाळून जाते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची असेल तर ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. तालुक्याचं नाव कळलं तरी अभ्यासाला पुरेसं असतं.

रोप आणायचं कुठून

रानातून नाही. हे एकदा ठरवलं की उरतात तीन वाटा.

पहिली, देशी आणि दुर्मीळ झाडांवर काम करणाऱ्या संस्था, विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांच्या बागा. मागणी केल्यावर लगेच रोप हातात पडेल असं नाही. पत्र लिहा, कशासाठी हवं ते सांगा, पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा आठवण करा. दुसरी, देशी झाडांच्याच रोपवाटिका. तिथं मी एकच प्रश्न विचारतो: "हिचं मूळ झाड कुठलं?" उत्तर 'घाटातलं' एवढंच आलं तर मी रोप घेत नाही. तिसरी वाट म्हणजे माणसं. माझं पहिलं खरं रोप साखरप्याच्या एका मित्राच्या परसातलं. त्याच्या वडिलांनी, घाटात रस्त्याच्या कामात उपटून पडलेल्या झुडपाची फांदी आणून विहिरीजवळ खोचली होती. ती जगली. तिच्या फांद्यांपासून झालेली रोपं आज सात-आठ घरी आहेत, आणि त्या सगळ्यांचा माग आम्हाला त्या विहिरीपर्यंत लावता येतो.

फांदीपासून रोप

मी फांदीवर जास्त भर देतो, कारण बी मिळणं नशिबाचा भाग.

फांदी निवडताना अगदी कोवळी हिरवी घेऊ नका आणि पार लाकूड झालेलीही नको. पेन्सिलीएवढी जाड, वाकवली तर वाकेल पण लगेच मोडणार नाही अशी. तिच्यावर कळ्या नकोत. कळ्या असलेली फांदी मुळं सोडायच्या ऐवजी फूल उमलवण्यात ताकद घालवते आणि आठ दिवसांत मान टाकते. वेळ दोनदा साधते: पावसाला सुरुवात होऊन हवेत ओल आली की, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, आणि फुलं संपल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी. पावसातली वेळ जास्त खात्रीची.

सकाळी लवकर, झाड पाण्यानं टवटवीत असताना, धार लावलेल्या कात्रीनं वीतभरापेक्षा थोडी कमी, १२ ते १५ सेंटिमीटरची फांदी घ्या. तीन तरी डोळे (पान फुटतं ते सांधे) हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं देठापासून काढा. वरची दोन ठेवा, पण मोठी असतील तर अर्धी कापा. कापल्या जागी भेंडीसारखा चिकट रस येतो. फांदी पाच मिनिटं पाण्यात उभी करून तो धुऊन घ्या, नाहीतर त्यावर बुरशी धरते.

मग मुळं फुटण्याची पावडर. शेतीच्या दुकानात छोट्या डबीत मिळते. डबीत थेट फांदी बुडवू नका, चिमूटभर कागदावर काढून त्यात टोक घोळवा आणि जादा पावडर झटका. कोरफडीचा गर, दालचिनीची पूड, मध असे उपाय लोक सांगतात. मी कोरफड करून बघितली. अपाय झाला नाही, उपाय झाला का ते सांगता येणार नाही.

माध्यम हलकं हवं: निम्मी धुतलेली जाड वाळू, निम्मा कोकोपीट. यात शेणखत अजिबात नको, फांदी कुजते. पेन्सिलीनं आधी भोक पाडून मग फांदी सरकवा (नाहीतर पावडर वरच खरवडून निघते), दोन डोळे मातीत जातील इतकी. बोटांनी दाबा, एकदा पाणी घाला, वरून तळ कापलेली पाण्याची बाटली टोपीसारखी बसवा. बाटलीचं बूच काढून ठेवा. कुंडी उजेडात पण थेट उन्हाबाहेर.

आता सगळ्यात अवघड काम: काही न करणं. फांदी उपसून मूळ आलं का ते बघायचं नाही. माझ्याकडे साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवी पालवी फुटली म्हणजे मूळ आलंच असंही नसतं, फांदीतल्या साठ्यावरही दोन पानं येतात. तिसरं-चौथं पान आलं, आणि फांदीला अलगद वर ओढल्यावर ती विरोध करू लागली, की समजायचं. मग आठ दिवस बाटली रोज थोडा थोडा वेळ काढून हवेची सवय करा आणि पिशवीत बदला. दहा फांद्यांतल्या सहा जगल्या तर मी खूश असतो.

बियांपासून रोप

फळ पिकून तपकिरी होऊ लागलं की त्याला मलमलची छोटी पिशवी बांधा. दोन कारणं: फळ फुटून बी सांडतं, आणि लाल ढेकूण आधी पोचतात. कापसावरचे हे लाल-काळे किडे बीच शोषतात. बाहेरून बी ठणठणीत दिसतं आणि आत पोकळ. काढलेलं बी पाण्यात टाका. तरंगलेलं बहुतेक पोकळ, तळाशी बसलेलं ठेवा.

या कुळातल्या बऱ्याच बियांचं कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. रानात ऊन, पाऊस आणि दगडमाती मिळून ते झिजवतात. घरी आपल्याला ते करावं लागतं. माझी पद्धत: बारीक पॉलिश पेपरवर बी एका बाजूला दोन-तीनदा घासायचं, आतलं पांढरं दिसेपर्यंत नव्हे, नुसती चकाकी जाईपर्यंत. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी जी फुगली ती पेरायची. जी फुगली नाहीत ती पुन्हा घासायची. एवढं जपून करायचं नसेल तर उकळी बसल्यावर थोडं निवलेलं पाणी बियांवर ओता आणि त्यातच रात्रभर ठेवा. सगळं बी एकाच पद्धतीला देऊ नका. दहा असतील तर पाच-पाच करा.

पेरणी मेच्या अखेरीस करा, म्हणजे पावसाला रोपं पिशवीत तयार असतात. चाळलेलं गांडूळखत, कोकोपीट, वाळू सारखी, आणि बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट खोल. फार पाणी घातलं की रोपं बुंध्यातून कोलमडतात. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं माध्यम आणि मोकळी हवा हे त्यावरचं औषध; एकदा कोलमडायला लागल्यावर मग काही चालत नाही. चार खरी पानं आली की वेगळ्या पिशव्यांत.

जागा आणि खड्डा

माझं पहिलं साखरप्याचं रोप मी मारलं ते इथं. साताऱ्यात आमच्या अंगणाचा एक कोपरा काळ्या मातीचा आणि जरा खोलगट आहे. 'घाटातलं झाड, त्याला पाणी आवडणारच' असा माझा हिशोब. ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली, खड्ड्यात पाणी साचलं, पाचव्या दिवशी पानं लोंबली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं! उपटलं तेव्हा मुळं काळी आणि कुबट वासाची.

घाटावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण उतारावर तो पडतो आणि निघून जातो. झुडपाला ओली हवा हवी असते, ओले पाय नव्हे. तेव्हा काळ्या मातीत लावायची असेल तर जमिनीत खड्डा घेण्याऐवजी फूटभर उंच वरंबा किंवा दगडांचा गोल करून त्यात लावा. लाल किंवा मुरमाड जमिनीत दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. भरताना निम्मी लाल माती, पाव भाग कुजलेला पालापाचोळा, पाव भाग बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा. ताजं शेण, रासायनिक खताची मूठ, काही नको.

ऊन सकाळचं. देशावर दुपारी बारानंतर सावली मिळेल अशी जागा बघा, घराच्या पूर्वेची भिंत उत्तम. पावसाळा ओलांडणं तिला जमतं. तिची खरी परीक्षा एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात. पुण्यात, साताऱ्यात, सांगलीत लावणाऱ्यांनी पश्चिमेकडून आडोसा द्यावा. कोकणात उलट: हवा मानवते, पण पागोळीखाली लावू नका. रत्नागिरीच्या पावसात पागोळीचं पाणी बुंध्याची माती आठवड्यात वाहून नेतं.

लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पिशवी फाडून काढा, ओढून नव्हे. बुंधा पिशवीत जितका खोल होता तितकाच ठेवा. काठीचा आधार द्या, कारण नवी फांदी पटकन वाढते आणि वाऱ्यानं बुंध्याशी हलते.

गॅलरीत लावायची तर १४ ते १६ इंची कुंडी, तळाला मोकळी भोकं, आणि खाली बशी नको. कुंडीत ती लहान राहते, फुलं येतात.

वर्षभर

पहिला उन्हाळा सांभाळला की पुढे फारसं काम नाही. त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, सावकाश, खोल मुरेल इतकं पाणी, आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचा जाड थर. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यानं मुळं वरच राहतात.

छाटणी पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीस. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, उंच गेलेली तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा. गणपतीनंतर कात्री कपाटात ठेवा. थंडीतली फुलं पावसात वाढलेल्या फांद्यांवर येतात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये 'आकार' द्यायला गेलात तर त्या वर्षी फुलं विसरा. खत जूनमध्ये दोन मुठी गांडूळखत, ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा, बस्स. युरिया घातलेलं झाड मी शेजारी बघितलं आहे: पानं हाताएवढी, फुलं तीन, आणि पानाखाली तुडतुड्यांची जत्रा.

नोव्हेंबरात पहिली घंटा उघडली की सकाळी खुर्ची टाकून बसा. आमच्याकडे शिंजीर येतो, फांदीला उलटा लटकून चोच घंटेत घालतो. एखादा आळशी निघतो, तो फुलाच्या बुडाशी बाहेरूनच भोक पाडून मध चोरतो. अशी भोकं पडलेली फुलं दिसली तर किडीचं औषध शोधायला धावू नका.

भेंडीवर पडतं ते सगळं

कूळ एक, दुखणी एक. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, पान गुंडाळणारी अळी, सगळी मंडळी इथंही हजेरी लावतात. म्हणून परसातल्या भेंडीच्या वाफ्यापासून ती जितकी लांब तितकी बरी.

पिठ्या ढेकूण थोडा असेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा. माव्याला, पांढऱ्या माशीला निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम निंबोळी कुटून फडक्यात बांधून रात्रभर भिजवा, सकाळी पिळा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. उन्हात फवारलं तर लवदार पानांवर डाग पडतात. गुंडाळलेली पानं अळीसकट तोडून टाका. पिवळे चिकट सापळे लावायचे तर पांढऱ्या माशीपुरते, आणि फुलांच्या दिवसांत काढून ठेवा. त्यांना मधमाश्याही चिकटतात.

एका गोष्टीला मात्र दयामाया नको. पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली, भेंडीवर ज्याला आपण केवडा म्हणतो तसं, तर ते विषाणूचं काम असतं आणि त्याला औषध नाही. झाड उपटा, जाळा किंवा खोल पुरा. इथंच ब्राझीलच्या झुडपाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यातला पिवळ्या ठिपक्यांच्या पानांचा जो प्रकार 'व्हेरिगेटेड' म्हणून जास्त किमतीला विकतात, त्या पानांवरची नक्षी विषाणूमुळेच पडलेली असते! तसलं झाड आणि सोनघंटा एका अंगणात मी ठेवत नाही. माझं अडीचशे रुपयांचं रोप साध्या हिरव्या पानांचं होतं, तरी मी ते गेटबाहेर हलवलं. बी धरायचं तर संकराची शंकाही नको.

बी, नोंद आणि चिठ्ठी

एकाच झाडावर विसंबू नका. दर पावसाळ्यात दोन फांद्या लावा, दुसऱ्याच्या अंगणात ठेवा. माझं दुसरं झाड वाळवीनं गेलं तेव्हा मी भिंतीला वाळवीची पेस्ट लावण्यात गुंतलो होतो आणि बुंध्याकडे लक्षच नव्हतं. शेजारच्या काकांकडे तिचीच मुलगी उभी होती म्हणून वंश टिकला.

अतिउत्साहात रोपं परत डोंगरात नेऊन लावू नका. आंबा घाटातल्या वंशाचं रोप दुसऱ्या कुठल्या गडावर नेऊन लावलं तर तिथल्या मूळ झुडपांची सरमिसळ होते, शिवाय आपल्या कुंडीतली बुरशी आणि कीड फुकट पोचते. ते काम वन खात्याचं आणि अभ्यासकांचं, त्यांच्या नोंदींनिशी. तुमच्या गावाच्या हद्दीत ती आपणहून उगवत असेल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे तिची नोंद करा. बऱ्याच गावांत ही समिती कागदावर असते. नोंदवही मागितली की निदान ती कपाटातून बाहेर येते.

आणि चिठ्ठी. रोप देताना मी त्याबरोबर चार ओळी देतो: सोनघंटा, मूळ आंबा घाट, साखरप्याच्या विहिरीजवळच्या झाडाची फांदी, लावली अमुक महिन्यात. पूर्वी कागदावर पेनानं लिहायचो. पहिल्याच पावसात शाई गेली आणि दोन रोपं बिननावाची झाली; आज ती कुणाकडे आहेत ते ठाऊक आहे, पण त्यातली कुठली साखरप्याची आणि कुठली मागाहून आणलेली हे सांगता येत नाही. आता शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कात्रीनं बोटभर रुंद कापतो, कडा दुमडतो, खाली जुनं मासिक ठेवून संपलेल्या बॉलपेननं दाबून लिहितो. अक्षर पत्र्यात उमटतं, पाऊस ते पुसू शकत नाही. एका टोकाला भोक, त्यात तांब्याची तार, आणि तारेचा फास सैल, फांदी जाड झाली तरी रुतणार नाही असा.